लक्षणांची रोजनिशी आणि लक्षणांवर लक्ष: केमोच्या काळातील दोन ॲप्स

केमोथेरपी आता बऱ्याचदा डे-केअरमध्ये दिली जाते. ठाण्याचा रुग्ण सकाळी पनवेल लोकलने खारघरला टाटा मेमोरियलच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग केंद्रात जातो आणि संध्याकाळी घरी परततो, त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांतील उलट्या, जुलाब, तोंड येणे हे सारे तो घरीच सोसतो. या मधल्या दिवसांसाठी मोबाइलवर दोन प्रकारची ॲप्स असतात. ताप किती आहे, मळमळ होते का, जेवण जाते का, असे प्रश्न दोन्हींत जवळपास सारखेच असल्यामुळे त्यांची सहज गल्लत होते.

पहिले ॲप ही रोजनिशी आहे. गोळ्यांची आठवण करून देणे, नोंदींचा आलेख काढणे आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवता येईल असा तक्ता हाती देणे, एवढेच त्याचे काम. ते उपयोगाचेही आहे, कारण तीन आठवड्यांपूर्वीची मळमळ कोणाला नेमकी आठवत नाही. मात्र रात्री अकरा वाजता त्यात लिहिलेला ताप त्या वेळी रुग्णाखेरीज कोणीही वाचत नाही.

दुसऱ्या प्रकारात ॲप हे केवळ टोक असते आणि खरी व्यवस्था त्याच्या मागे असते. रुग्णालय स्वतः रुग्णाची नोंदणी करते, त्रास ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की परिचारिकेला सूचना जाते आणि ती फोन करते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात शरीरात पसरलेला कर्करोग असलेल्या 766 रुग्णांवर झालेल्या चाचणीत एका गटासाठी अशी व्यवस्था वेबवरून चालवली गेली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटातील रुग्णांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) 31.2 महिने, तर नेहमीची देखभाल मिळालेल्यांचे 26 महिने होते. माझ्या मते हे श्रेय पडद्यावरील प्रश्नावलीला देता येणार नाही; नोंद वाचून वेळीच हालचाल करणारी माणसे तिथे होती.

(‘आभा’ या सरकारी आरोग्य-ओळख क्रमांकाचे ॲप या दोन्हींत बसत नाही. चौदा अंकी ओळखीशी ते जुने अहवाल जोडते. आजचा ताप विचारत नाही.)

म्हणून ॲप घेताना त्याच्या रंगरूपापेक्षा नोंद कोण वाचते, किती वेळात वाचते आणि रविवारी काय होते, हे डे-केअरमधील परिचारिकेला विचारावे. अनेक केमो औषधांनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या काळात 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप ही तातडीची बाब असते आणि स्वतःच पॅरासिटामॉल घेतल्यास तो ताप झाकला जाऊ शकतो. अशा वेळी ॲप कोणतेही असो, आधी फाइलवर लिहिलेल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. ॲपमधील नोंद त्यानंतर केली तरी चालते.