शिशाचं नाणं आणि बेसॉल्टची माती

मेटल डिटेक्टर घेऊन बागेत जुनी नाणी शोधण्याचे व्हिडिओ हल्ली मोबाइलवर सारखे दिसतात. ब्रिटनमधली ओली हिरवळ, कानाला हेडफोन, जमिनीलगत फिरणारी तबकडी आणि मातीतून वर आलेलं चांदीचं नाणं. कोल्हापूरकराच्या मनात लगेच ब्रह्मपुरीची टेकडी येते, टाऊन हॉलची बाग येते, पंचगंगेचा काठ येतो. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या गावात स्वतःची नाणी पाडणारे राजे होऊन गेले, तिथं हे यंत्र किती वाजेल! वाजेल नक्की. पण ते कशाला मोठ्यानं ओरडतं आणि कशाला जेमतेम कुरकुरतं, हे कळलं की या छंदाकडे पाहण्याची नजर बदलते.

तबकडीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडतात. त्यामुळे खालच्या मातीत तितक्याच वेगानं बदलणारं चुंबकीय क्षेत्र पसरतं. वाटेत धातू आला की त्याच्यात गोल फिरणारे प्रवाह उमटतात. फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यांनी १८५५ मध्ये ते दाखवून दिले. इंग्रजीत त्यांना एडी करंट म्हणतात. हे प्रवाह स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार करतात आणि तबकडीतलं दुसरं वेटोळं ते टिपतं. यंत्राला नाणं ‘दिसत’ नाही. त्याला मिळतो तो नाण्यानं परत धाडलेला प्रतिसाद.

त्या प्रतिसादातला उशीर महत्त्वाचा. चांदी आणि तांबं विजेचे उत्तम वाहक, त्यामुळे त्यांच्यातले प्रवाह जरा जास्त वेळ टिकतात. वाईट वाहकात ते लगेच विरतात. वेळेच्या या फरकावरून यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं. ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, जाडजूड, बहुतांश चांदीचा. त्याचा आकडा वरचा आणि आवाज खणखणीत. तांब्याची शिवराईसुद्धा बरी वाजते. शिशाची वाहकता मात्र तांब्याच्या साधारण बाराव्या हिश्शाएवढी. शिशाचं छोटं नाणं पडद्यावर सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाच्या शेजारी जाऊन बसतं. सरावलेला छंदी माणूस असले खालचे आकडे ‘कचरा’ म्हणून बंदच करून टाकतो.

आणि कोल्हापूरची सगळ्यात मोलाची नाणी शिशाची आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास इथं ‘कुर’ राजांची सत्ता होती. वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माठरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर ही तीन नावं आपल्याला ठाऊक आहेत ती नाण्यांमुळे. एका बाजूला कमानींची रचलेली टेकडी, दुसऱ्या बाजूला ताणलेलं धनुष्य-बाण आणि भोवती ब्राह्मी अक्षरं. धातू शिसं किंवा पोटीन ही मिश्रधातू. ग्रीक भूगोलकार टॉलेमीनं दुसऱ्या शतकात ‘बालेओकूरोस’ नावाच्या राजाची नोंद केली आहे, तो यांच्यातलाच विळिवायकुर असावा असं अभ्यासक मानतात. या तिघांचा क्रम कसा लागला, ते तर फार सुंदर आहे. एकाच्या नाण्यावर दुसऱ्यानं आपला ठसा पुन्हा मारला होता. खाली पुसट दिसणारा ठसा आधीच्या राजाचा, वरचा नंतरच्या राजाचा. शिवलकुराचे ठसे वासिष्ठीपुत्राच्या नाण्यांवर सापडले आणि गौतमीपुत्राचे त्या दोघांच्याही. एका घराण्याची वंशावळ दोन ठशांच्या मधल्या केसभर जागेत टिकून राहिली. यंत्राचा आकडा यातलं काही सांगू शकत नाही.

दुसरी अडचण आपल्या मातीची. पंचगंगेच्या वाळूत साधं लोहचुंबक फिरवून बघा, काळे बारीक कण केसाळ झुपक्यासारखे चिकटतात. हे मॅग्नेटाइट, दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून झिजून आलेलं. पन्हाळ्याकडच्या तांबड्या जांभ्या मातीतही लोहाची खनिजं भरपूर. अशी माती स्वतःच चुंबकीय प्रतिसाद देते आणि त्या गोंगाटात नाण्याचा क्षीण आवाज बुडतो. म्हणून यंत्राला आधी ‘इथल्या मातीचा आवाज एवढा’ असं शिकवावं लागतं. त्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. तरीही खोली हा शत्रू उरतोच. तबकडीच्या व्यासापेक्षा जास्त अंतरावर खोली दुप्पट झाली की छोट्या नाण्याचा प्रतिसाद सुमारे ६४ पटींनी घटतो. सर्वसाधारण यंत्राला एखादं नाणं वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत कळतं. तेवढ्या थरात आपल्या बागांत असतात ते बाटल्यांची बुचं, खिळे, तारेचे तुकडे आणि कालपरवा खिशातून पडलेली चिल्लर. ती चिल्लरही धड ओळखू येत नाही, कारण आजची एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत आणि यंत्र त्यांना कित्येकदा लोखंडात काढतं. दोरीला लोहचुंबक बांधून नदीतून नाणी काढणाऱ्या पोरांच्या हाती हीच नाणी लागतात. चांदीचा रुपया त्यांच्या चुंबकाला कधीच लागणार नाही.

यंत्राची चूक महागात पडल्याचं उदाहरण जुनं आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठं अडकली आहे ते शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच तत्त्वावरचं यंत्र घेऊन गेले. पण गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली. गोळी सापडली नाही, गारफिल्ड वाचले नाहीत.

आता ब्रह्मपुरी. हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तिथं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. खाली सातवाहनकाळची वस्ती आणि त्यावर कैक शतकांनंतरचे बहामनी काळाचे थर निघाले. टाऊन हॉलच्या संग्रहालयात आज आपण पाहतो ती समुद्रदेव पोसायडनची छोटीशी कांस्यमूर्ती ब्रह्मपुरीचीच. रोमन जगाशी या गावाचा व्यापार होता याचा तो पुरावा. तिथल्या नाण्यांना अर्थ आला तो ती कुठल्या थरात, कुठल्या खापरांच्या आणि विटांच्या संगतीत होती, हे कागदावर उतरवलं गेलं म्हणून. खुरप्यानं खड्डा करून तेच नाणं उपसलं, तर हातात शिशाची चकती राहते. माझा आक्षेप नेमका इथं आहे. शोधण्याला नाही, उपसण्याला.

कायदाही माहीत हवा. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे: जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, लपवणं हा गुन्हा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. परवान्याशिवाय त्याचा धंदा करता येत नाही, देशाबाहेर तर पाठवताच येत नाही. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहेच. महापालिकेच्या बागेतसुद्धा कुदळ मारायची मुभा कुणाला नाही. न्यूयॉर्कच्या बागांत या छंदासाठी रीतसर परवाना काढावा लागतो, तशी सोय आपल्याकडे नाही.

डिटेक्टरचा खरा उपयोग पुरातत्त्वाच्या कामात होतो: उत्खननातून बाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगावरून तो फिरवतात, म्हणजे चाळणीतून निसटलेलं नाणं परत मिळतं. जुन्या पेठांत इमारतींचे पाये खोदले जातात तेव्हा निघणारी माती डंपर भरून कुठंतरी भरावाला जाते. पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली, विद्यार्थ्यांना हाताशी धरून ती तपासली जावी, असं मला मनापासून वाटतं. तो थर तर तसाही मोडलेला असतो.

आणि घराचा पाया खणताना किंवा शेतात नांगर लागून तुम्हालाच काही सापडलं, तर जागेवरच फोटो घ्या, बाजूला पट्टी ठेवून. किती खोलीवर होतं ते लिहून ठेवा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. चिंच-लिंबानं घासू नका. तांब्यावरचा हिरवा थर आणि शिशावरचा पांढुरका थर गेला की खालची अक्षरंही जातात. शिशाचं नाणं तर लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यातसुद्धा ठेवू नये. लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ सतत निघत असते आणि बंद पेटीत ती शिशाला हळूहळू पांढऱ्या भुकटीत बदलते. अधिकाऱ्यांच्या हवाली करेपर्यंत पॉलिथिनची स्वच्छ, कोरडी पिशवी पुरते.