राजघराण्यांची सैन्यसेवा आणि राजेशाहीविषयीचा लोकभाव (सोलापूर परिसर)

राजघराण्यातील व्यक्तींनी सैन्यात नोकरी करणे, रणांगणावर जाणे किंवा निदान लष्करी हुद्दा धारण करणे ही बहुतेक राजेशाह्यांत आढळणारी प्रथा. तिच्यामागे एक साधी अपेक्षा असते: जो राज्य करतो त्याने जीवही धोक्यात घालावा. ही अपेक्षा कितपत पुरी होते, यावर लोकांचा राजघराण्याकडे पाहण्याचा भाव ठरतो. सोलापूर परिसर या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोलापूर शहर थेट ब्रिटिश सम्राटाच्या अमलाखाली होते, आग्नेयेला अक्कलकोटचे भोसले राज्य करीत होते आणि पूर्वेची वेस ओलांडली की निजामाची हद्द सुरू होत असे. तीन प्रकारची राजसत्ता आणि तिन्ही ठिकाणचे गणवेश इथल्या माणसाने काही कोसांच्या आत पाहिले.

अक्कलकोटचे घराणे मुळात युद्धातूनच उभे राहिले. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांची पारद गावापाशी लढाई झाली. तिथल्या लोखंडे पाटलांचा लहान मुलगा राणोजी याला महाराजांनी आपलेसे केले आणि विजयाची खूण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले. भोसले आडनाव आणि पुढे अक्कलकोटची जहागीर त्याला मिळाली ती मानाची वस्तू म्हणून नव्हे. १७२५ ते १७२७ च्या कर्नाटकातील स्वाऱ्या, १७३३ ची जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्धची मोहीम आणि १७४० ची रघूजी भोसल्यांबरोबरची दक्षिणेची स्वारी या सगळ्यांत फत्तेसिंह सेनानायक म्हणून होता. सरंजामी व्यवस्थेत जमीन आणि स्वार यांची सांगड असे. स्वार घेऊन हाकेला हजर राहायचे, त्याबदल्यात मुलखाचा वसूल खायचा. पाटलाच्या घरातला पोर राजा झाला याचे रयतेला नवल वाटले असेल, पण त्याचा अधिकार कशातून आला हे कुणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

ही सांगड ब्रिटिशांनी सोडवली. १८२० च्या तहानंतर अक्कलकोट साताऱ्याच्या छत्रपतींचे मांडलिक राहिले आणि सातारा खालसा झाल्यावर थेट कंपनी सरकारकडे आले. संस्थानाने घोडेस्वारांची तुकडी पुरवायची अट मात्र कायम होती. १८६८ मध्ये ती तुकडी मोडली गेली आणि तिच्याऐवजी दरसाल १४,५९२ रुपये भरायचे ठरले. राजाचे लष्करी कर्तव्य असे रोकड रकमेत उतरले. सुमारे ४९८ चौरस मैलांच्या या संस्थानाच्या इतिहासात ही एक लहानशी प्रशासकीय नोंद दिसते, पण प्रस्तुत लेखकाच्या मते राजा आणि रयत यांच्या नात्यातला सगळ्यात मोठा बदल तोच होय. राजाने लढायचे नाही, फक्त भरायचे; आणि जे भरायचे ते रयतेच्या साऱ्यातून. दुसऱ्या मालोजीराजांच्या काळात श्री स्वामी समर्थ अक्कलकोटात आले आणि गावाची ओळख पालटू लागली, ती याच पिढीत. दरबाराचे तेज उतरत असताना मठाचे वाढत होते.

लढणे गेले तरी गणवेश राहिला. १८८० च्या दशकाअखेरीस मोठ्या संस्थानांत ‘इंपीरियल सर्व्हिस’ फौजा (संस्थानांनी सम्राटाच्या सेवेसाठी ठेवलेल्या पलटणी) उभारल्या गेल्या आणि व्हाइसरॉय कर्झनने विसाव्या शतकाच्या आरंभी राजपुत्रांसाठी कॅडेट कोअर काढली. बिकानेरच्या गंगासिंहांचे उंटदळ पहिल्या महायुद्धात सुएझ कालव्यावर लढले. जोधपूरचे सर प्रताप सिंह सत्तरीच्या घरात असताना फ्रान्सला गेले, आणि त्यांच्या संस्थानाच्या भालेकऱ्यांनी २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा (आजच्या इस्रायलमधले बंदर) जिंकले. दख्खनची संस्थाने लहान. त्यांच्याकडे अशा पलटणी नव्हत्या. तिथे सेवा व्यक्तीपुरती राहिली. अक्कलकोटचे तिसरे फत्तेसिंहराव यांना कॅप्टनचा हुद्दा होता. ते १९२३ मध्ये ऐन तारुण्यात वारले आणि गादीवर अल्पवयीन विजयसिंहराव आले. नव्या राजवाड्यातला तलवारी, बंदुका, भाले यांचा संग्रह आजही अक्कलकोटला येणारे भाविक आवर्जून पाहतात.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये राजघराण्याची सैन्यसेवा हे लोकांचे प्रेम टिकवण्याचे मोठे साधन बनले होते. पंचम जॉर्ज यांची सुमारे पंधरा वर्षे आरमारात गेली होती. त्यांचे दुसरे चिरंजीव, पुढचे सहावे जॉर्ज, १९१६ मध्ये जटलंडच्या नाविक लढाईत जहाजावर हजर होते. युवराज एडवर्ड यांना आघाडीच्या खंदकात जायचे होते, पण युद्धमंत्री किचनर यांनी ते शत्रूच्या हाती लागतील या भीतीने परवानगी दिली नाही. तरी सैनिकांत मिसळणारा राजपुत्र म्हणून तिकडे त्यांचे कौतुक झाले. हेच युवराज नोव्हेंबर १९२१ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा बहिष्कार आणि दंगल यांनी त्यांचे स्वागत झाले. दोन दिवसांनी पुण्यात कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने त्यांच्याच हस्ते शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवली गेली. मराठी समाजात राजेशाहीविषयी एकच भावना होती असे मानणाऱ्याने हे तीन दिवस शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

सोलापूरने सम्राटाचे सैन्य जवळून पाहिले ते १९३० मध्ये. महात्मा गांधींच्या अटकेची बातमी आल्यावर गिरणी कामगारांचे हे शहर पेटून उठले. गोळीबार झाले, अधिकारी शहर सोडून गेले आणि मे महिन्यात काही दिवस सोलापुरात इंग्रजांचा अंमल उरला नाही. मग १२ मे ते ३० जूनपर्यंत लष्करी कायदा लागला. तिरंगा बाळगणे गुन्हा ठरला, गांधी टोपी घातली म्हणून माणसांना मार बसला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांची नावे सोलापूरकर आजही एका दमात घेतात. ज्या सम्राटाच्या आरमारी पोशाखाचे लंडनमध्ये कौतुक होई, त्याच सम्राटाच्या नावाने सोलापूरच्या रस्त्यांवर संगिनी फिरल्या. इथला राजेशाहीविषयीचा भाव ग्रंथांतून आलेला नाही; तो या सात आठवड्यांतून आलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न निजामाचा उरला. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या जाचाला कंटाळून उस्मानाबाद, तुळजापूर, नळदुर्ग भागातली कुटुंबे सोलापूर आणि बार्शीकडे आली, आणि हद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प उभे राहिले. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्याची मुख्य फौज मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापुरातूनच हैदराबादच्या रस्त्याला लागली. पहिली चकमक नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच सैन्याने तो ताब्यात घेतला आणि पुढचा मार्ग मोकळा झाला. १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली. जुनी माणसे या सगळ्याला अजून ‘पोलिस ॲक्शन’ म्हणतात.

या मोहिमेतली एक गोष्ट या नोंदीच्या विषयाला थेट भिडते. ही मोहीम ज्या पुण्याच्या दक्षिण कमांडकडे होती, तिचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी हे नवानगरच्या जाडेजा राजघराण्यातले, क्रिकेटपटू रणजितसिंहजींचे पुतणे. १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेत मेकिली इथे शत्रूचा वेढा फोडून बाहेर पडल्याबद्दल त्यांना ‘डीएसओ’ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला होता. दुसऱ्या महायुद्धात तो मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे १९५३ मध्ये ते भारताचे सरसेनापती झाले. समोरच्या बाजूला निजामाचा थोरला मुलगा आझम जाह याच्याकडे बराच काळ हैदराबादच्या फौजेचे सरसेनापतिपद होते, पण लष्कर खऱ्या अर्थाने चालवत होते निजामाचे सेनानी जनरल अल इद्रूस. एक राजवंशीय प्रजासत्ताक होऊ घातलेल्या देशाच्या सरकारचा हुकूम पाळत होता, दुसऱ्याला हुद्दा वडिलांच्या गादीमुळे मिळाला होता. सोलापूरच्या लोकांनी सैन्याला भाकऱ्या बांधून दिल्या तेव्हा सेनापतीचे कूळ कुणी विचारले नाही. तो कुणासाठी लढतो एवढेच महत्त्वाचे होते.

१९४८ च्याच ८ मार्चला अक्कलकोट इतर दख्खनी संस्थानांबरोबर मुंबई प्रांतात विलीन झाले होते, तेही रक्त न सांडता. राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब रद्द केले, पण सैनिकी हुद्दे त्यातून मुद्दाम वगळले. ही तरतूद फार विचारपूर्वक केलेली आहे: जन्माने आलेला मान काढून घेतला, सेवेने मिळालेला ठेवला. १९७१ च्या डिसेंबरात तिची कसोटी लागली. जयपूरचे सवाई भवानी सिंह यांनी दहाव्या पॅरा कमांडो तुकडीचे नेतृत्व करून पाकिस्तानच्या हद्दीत खोलवर सिंधमधल्या छाच्रोपर्यंत धडक मारली आणि त्यांना महावीर चक्र मिळाले. त्याच महिन्याअखेरीस सव्विसावी घटनादुरुस्ती होऊन संस्थानिकांचे तनखे आणि राजा म्हणून असलेली मान्यता संपली. भवानी सिंहांच्या पराक्रमाला सलाम करणाऱ्या सामान्य माणसाला तनखे बंद झाल्याचे दुःख झाले नाही.

अक्कलकोट परिसरात भोसले घराण्याविषयी आजही आपुलकी आहे. लग्नकार्यात, उत्सवात त्यांना मान दिला जातो, बोलण्यात ‘राजे’ येते. स्वामींच्या भक्तीशी घराण्याचे नाव जोडले गेल्यामुळे ही आपुलकी अधिक टिकली. मात्र मतदार तो मान मतपेटीत आपोआप टाकत नाही. घराण्यातल्या निर्मलाराजे भोसले विधानसभेवर गेल्या त्या निवडणूक लढवून. दुसरीकडे सांगोला, मोहोळ, बार्शीच्या कोरडवाहू गावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले सैन्यात भरती होत आली आहेत. गावच्या वेशीवर जेव्हा एखाद्या जवानाचे स्मारक उभे राहते तेव्हा त्याच्या पायरीला हात लावून कपाळाला लावतात. तो मान कुठल्याही राजवाड्याला मिळत नाही, आणि मिळू नये असेच इथल्या माणसाला वाटते.