ठासणीची बंदूक, एल्क आणि चिमूटभर जास्त दारू

कोकणात ‘ठासणीची बंदूक’ म्हटलं की पिकात शिरणारी रानडुकरं आणि घरातला जुना परवाना आठवतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत याच जातीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायच्या, बंदुकीला सप्टेंबरात स्वतंत्र शिकारीचा हंगाम असतो. सावज एल्क. आपल्या सांबराहूनही थोराड हरीण, नर सहज 300 किलोंचा. नियम मुद्दाम जुन्या वळणाचे: बंदुकीवर दुर्बीण नाही, दारूच्या तयार वड्या नाहीत, गोळीला प्लास्टिकचं वेष्टन नाही. एल्कसाठी नळीचा व्यास किमान अर्धा इंच.

मग प्रश्न उरतो दारूचा. नवशिक्याला वाटतं, चिमूटभर जास्त घातली की काम फत्ते. हवेला मात्र ते मान्य नसतं.

अर्धा इंची नळीतली शिशाची गोल गोळी साधारण साडेअकरा ग्रॅमची. ती सेकंदाला 580 मीटर वेगाने सुटली, तर तिच्यात 1900 ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. 100 यार्डांवर पोहोचेपर्यंत त्यातली जवळपास दोन तृतीयांश खलास! गोल आकार हवा कापत नाही, ढकलतो. आणि आवाजाच्या वेगापुढे हवेचा विरोध फार चढतो. जादा दारूने मिळवलेला वेग म्हणूनच बहुतेक वाटेतच विरतो. खांद्याला बसणारा धक्का तेवढा पुरेपूर मिळतो.

वजन मात्र टिकतं. गोळीचा व्यास 0.49 वरून 0.53 इंच केला, म्हणजे जेमतेम 8 टक्के, तर वजन सव्वापट होतं. कारण वजन व्यासाच्या घनाने वाढतं आणि हवेला भिडणारं तोंड फक्त वर्गाने. लांबट गोळी याच्याही पुढची. तेवढ्याच तोंडामागे 22-23 ग्रॅम शिसं बसतं. सुरुवातीचा वेग कमी, पण दूरवर ताकद शिल्लक. एल्कच्या फुप्फुसापर्यंत जाडजूड कातडी आणि फासळ्या पार करायच्या, तर हीच शिल्लक कामाची.

पण लांबट गोळी भोवऱ्यासारखी जोरात फिरली पाहिजे, नाहीतर वाटेत कोलांट्या खाते. नळीतले आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, तिच्यासाठी साधारण 28 इंचांत एक फेरा घेतात. गोल गोळीला 60-70 इंचांत एक फेरा पुरतो. 48 इंचांत एक फेरा देणारी नळी ही दोघींना सांभाळून घेणारी तडजोड. गोळी निवडायची ती नळी बघूनच.

आणखी एक भानगड काजळीची. या बंदुकीतल्या काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळूनही वायू होत नाही, धूर आणि चिकट राख होतो. एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी बंदुकीच्या काडतुसांना चरबी लावत ती गोळी अशा नळीत सहज उतरावी म्हणूनच. 1857 चा भडका त्याच चरबीवरून उडाला. आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू मात्र या बंदुकीत चुकूनही घालायची नाही. दाब इतका चढतो की नळीच फुटते.

योग्य माप कळतं कसं? बंदूक बनवणाऱ्याने ठरवलेल्या मर्यादेच्या आत राहून, थोड्यापासून सुरुवात करून, कागदावर नेम धरून. गोल गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून गजाने ठासतात. बार झाल्यावर ती चिंधी काही पावलांवर पडलेली सापडते. ती उचलून उजेडात धरायची. मधे काळवंडलेली पण शाबूत असेल तर ठीक. भोक पडून कडा करपल्या असतील, तर गरम वायू गोळीच्या बाजूने निसटतोय: चिंधी जाड घ्यायची, नाहीतर दारू कमी करायची.