आरएलवाल्यांचा एफएसआय

नागपुरात सध्याचा वाद एफएसआयचा, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल याचा, आहे. धरमपेठ-रामदासपेठेत एकेक बंगला पडतो, त्या जागी स्टिल्टवर, म्हणजे खाली पार्किंग सोडून खांबांवर, मजले चढतात आणि शेजारी विचारतात, गडरलाइन तीच, नळ तोच, मग एवढी माणसं कशी मावणार? प्रश्न रास्त आहे. पण नागपूरची दाटी एफएसआयने नाही, शेतात पडलेल्या प्लॉटांनी वाढली.

१९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला आणि आखीव वस्त्या झाल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे १९७६ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने जादा जमीन जाण्याचा धाक बसला. मालकांनी शेतं विकली, गृहनिर्माण संस्थांनी एनए न करताच, म्हणजे जमीन अकृषक करून न घेताच, हजार-दीड हजार फुटांचे प्लॉट पाडले. मैदान नाही, रस्ता बैलगाडीपुरता. ‘५७२’ आणि ‘१९०० लेआउट’ ही नावं तिथूनच, अशा लेआउटांच्या संख्येवरून आली.

२००१ च्या गुंठेवारी कायद्याने हे प्लॉट नियमित करायचं ठरलं. ‘गुंठेवारी’ हा शब्दच मुळात परका. आपल्याकडे प्लॉट गुंठ्यात नाही, फुटात विकतात. म्हणून लोकांनी तो उचललाच नाही, ‘आरएल (म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) झालं का?’ एवढंच विचारतात. त्यातही घोळ आहे. आरएल प्लॉटचं असतं. त्याने मालकीचा वाद मिटत नाही की घराचा नकाशा मंजूर होत नाही. डिमांड, म्हणजे मागितलेलं शुल्क, भरून कागद हाती आला की सगळं पक्कं झालं, असं मात्र बहुतेकांनी धरलं. रस्ता होता तेवढाच राहिला. त्यावर पुढे घराघरांचे रॅम्प उतरले. दोन कार समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. २०२१ मध्ये मुदत वाढून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट कायद्यात आले.

डिसेंबर २०२० च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीने एफएसआय थेट रस्त्याला बांधला. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ १.१, वर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही की टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) नाही. ३० मीटरच्या रस्त्यावर तोच आकडा, पैसे मोजून, ३ पर्यंत जातो. मेट्रोलगत ४ पर्यंत. म्हणजे दाटीची तक्रार रुंद रस्त्यांवरून येते आणि वाढीव मजलेही तिथेच मिळतात. विकास शुल्क भरून बसलेल्या आरएलवाल्याच्या वाट्याला १.१. प्लॉट बघायला आलेला बिल्डर म्हणून आधी टेप रस्त्याला लावतो. ३० फूट, म्हणजे ९ मीटर, भरला तर बोलणी, २५ भरला तर नमस्कार.