कर्दळीच्या मुळाशी काय चालतं?

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा १० वाघिणींत मिळून ५ लाख लिटर पाणी होतं. आता एक हिशेब करू. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरलं, तर दोन हजार वस्तीच्या गावाला १ लाख १० हजार लिटर लागतं. त्यातलं सुमारे ८० टक्के न्हाणी-मोरीतून बाहेर पडतं. म्हणजे दर सहा दिवसांनी एका रेल्वेइतकं पाणी आपण नालीत सोडतो आणि त्यावर डास पोसतो.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे (सांडपाणी जमिनीत मुरवणारे खड्डे) घेऊन डास हटवले. फार मोलाचं काम. पण खोल काळ्या जमिनीत पावसाळ्यात माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्डा पाणी घेईनासा होतो. तिथं कर्दळीचा वाफा बरा: आधी गाळ बसायला टाकी, मग तळ पक्का करून गिट्टी भरलेला वाफा आणि त्यात कर्दळ. पाणी गिट्टीच्या पोटातून सरकतं, वर दिसत नाही, म्हणून डासाला अंडी घालायला जागाच मिळत नाही.

‘कर्दळ घाण पिऊन टाकते’ असं सर्रास सांगितलं जातं. थोडंफार ती घेते, पण खरे कामकरी जिवाणू आहेत. वाफ्यातली एक गिट्टी उचलून बघा, बुळबुळीत लागेल. तो बुळबुळीत थर म्हणजे त्यांची वस्ती.

मला वेड लावलं ते मुळांनी. एका वाफ्यातली कर्दळ उपटली तेव्हा आजूबाजूचा गाळ काळाकुट्ट, कुजक्या अंड्याच्या वासाचा. मुळांवर मात्र गंजासारखा तांबूस लेप. तो खरोखर गंजच असतो! कर्दळीच्या देठात हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडून ऑक्सिजन खाली मुळांपर्यंत उतरतो, थोडा बाहेर झिरपतो आणि पाण्यातलं विरघळलेलं लोह तिथंच गंजून बसतं. मुळाला लागून ऑक्सिजन आहे, जेमतेम काही मिलिमीटरवर अजिबात नाही. मुळाजवळचे जिवाणू लघवीतून आलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. अमोनियातल्या १ ग्रॅम नायट्रोजनला जवळजवळ साडेचार ग्रॅम ऑक्सिजन खर्ची पडतो. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. हे नायट्रेट पलीकडच्या अंधारात सरकलं की तिथले जिवाणू ऑक्सिजनच्या जागी त्याच्यावरच श्वसन करतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. नाहीतर हेच नायट्रेट विहिरीत उतरलं असतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. फार वाढलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते.

म्हणून ‘नालीत टाका, पाणी शुद्ध’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या पावडरीवर ग्रामपंचायतीनं पैसा घालू नये. जिवाणू सांडपाण्यात आधीच कोट्यवधी आहेत. त्यांना हवा, टेकायला दगड आणि वेळ द्यायचा असतो, आणि यातलं काहीच पुडीत येत नाही.

टाकीतला गाळ मात्र वेळेवर उपसा, नाहीतर गिट्टी तुंबते. कर्दळ कापून बाहेर काढा. तिथंच कुजली तर तिनं घेतलेलं सगळं परत पाण्यात. आणि वाफ्यातून निघालेलं पाणी कापसाला किंवा बांधावरच्या झाडांना द्या, कोथिंबिरीला नको. रोगजंतू कमी होतात, संपत नाहीत.