‘कारखाना नाही चालला तर पुन्हा शेती करू’ : हे का होत नाही

शेतजमीन अवजड उद्योगासाठी राखीव करायची म्हटली की जनसुनावणीत हमखास कुणीतरी म्हणतं, ‘उद्योग बंद पडला तर पुन्हा नांगर धरू, जमीन कुठे पळून जाते?’ हा समज चुकीचा आहे. नकाशावर शेती की उद्योग हे दाखवणारा रंग परत बदलता येतो, माती नाही.

बांधकामाआधी वरचा सुपीक थर खरवडून काढतात, मुरूम टाकतात, रोलर फिरवतात. मातीतल्या पोकळ्या दबतात. मग पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत. खोल नांगरटीने दबलेली माती थोडी मोकळी होते, पण खरवडलेला थर येत नाही. जेमतेम २-३ सेंटीमीटर माती तयार व्हायला निसर्गाला १००० वर्षंही लागू शकतात. शिवाय कारखान्यातून मातीत मिसळू शकणारे शिसं, कॅडमियम हे जड धातू कुजून नाहीसे होत नाहीत, आणि कॅडमियम मुळांवाटे थेट पिकात उतरतं.

‘माती वेगळी साठवू’ असं आश्वासन मिळतं. ती अट घालावीच, पण उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही आणि काही वर्षांत तिथली जीवसृष्टी खालावते. म्हणून सुनावणीत थेट विचारा : जमीन पूर्ववत करण्याचा खर्च कुणाचा, आणि त्याची अनामत आधी भरणार का?