पूड, मण आणि केटलबेल : जिउ-जित्सूच्या मॅटशेजारी हा गोळा आला कुठून?

केटलबेल म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा. त्यांच्या रांगेतले आकडे नवख्याला चमत्कारिक वाटतात : ८, १६, २४, ३२ किलो. डंबेल अडीच-अडीच किलोंनी चढत जातात, आणि इथे १६ नंतर एकदम २४. आता मधली १२, २० आणि २८ किलोंचीही मिळतात, पण मूळ पायऱ्या या चारच. यामागे व्यायामशास्त्र शोधायला जाऊ नये. हा हिशेब धान्याच्या व्यापाऱ्याचा आहे.

रशियात केटलबेलला गिर्या म्हणतात. १७०४ सालच्या रशियन शब्दकोशात हा शब्द सापडतो. तराजूच्या एका पारड्यात धान्य आणि दुसऱ्यात लोखंडी वजन, ते उचलता यावं म्हणून वर कडी, अशी त्याची घडण. वजनाचं माप पूड, म्हणजे ४० रशियन पौंड, आजचे १६.३८ किलो. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या जुन्या आडत्याला हे सांगितलं असतं तर त्यानं लगेच मान डोलावली असती, कारण आपला मणही ४० शेरांचाच. ब्रिटिश अमदानीत ठरलेला मण ३७.३२ किलोंचा. अर्धा पूड, एक, दीड आणि दोन पूड, किलोत उतरवून पूर्णांक केले की ८, १६, २४, ३२. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानं मण-शेर गेले आणि मापं कपाटात जाऊन बसली. रशियातला पूडही बाजारातून गेला, व्यायामात मात्र टिकला.

आजची एक नेहमीची दुखापत या व्यापारी हिशेबातूनच येते. १६ वरून २४ म्हणजे थेट दीडपट. १६ किलोंचे सलग २० स्विंग, म्हणजे कंबरेच्या झटक्यानं बेल पायांमधून छातीपर्यंत झुलवणं, सहज होतात म्हणून माणूस २४ उचलतो. कंबरेचा झटका कमी पडतो, ती तूट खांदे आणि पंजे भरून काढतात, आणि दुसऱ्या दिवशी जिउ-जित्सूच्या, म्हणजे धरपकडीच्या कुस्तीसारख्या खेळाच्या, मॅटवर समोरच्याची कॉलर धरायला बोटं मिटत नाहीत. २० किलोंचं बेल मिळालं तर उत्तमच. नाही तर दहा-दहाच्या दहा फेऱ्यांपैकी पहिल्या दोन २४ नं आणि उरलेल्या आठ १६ नं कराव्यात, आणि दर आठवड्याला एक फेरी २४ कडे सरकवावी. दोन महिन्यांचं काम आहे. घाई केल्यास तेवढाच काळ खांदा शेकण्यात जातो.

बाजारातलं वजन व्यायामशाळेत नेण्याचं मोठं श्रेय सेंट पीटर्सबर्गचे डॉक्टर व्लादिस्लाव क्रायेव्हस्की यांना जातं. १८८५ साली त्यांनी तिथे वजन उचलणाऱ्यांचं मंडळ सुरू केलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेला जॉर्ज हॅकेनश्मिट पुढे जगज्जेता पैलवान झाला. त्यामुळे केटलबेल आणि कुस्तीची सोबत अलीकडे कोणी जुळवलेली नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनमध्ये दूरदूरचे धागे जवळ आले. हॅकेनश्मिट तिथे कुस्त्या गाजवत होता. १९०८ साली कोदोकान या जुदोच्या मूळ जपानी शाळेचा जुदोपटू मित्सुयो मायेदा अल्हाम्ब्रा थिएटरातल्या कुस्ती स्पर्धेत उतरला. १९१० साली आपला गामा पैलवान लंडनमध्येच पोलिश पैलवान झ्बिश्कोशी लढला. मायेदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला, पुढे बेलेममध्ये त्यानं कार्लोस ग्रेसीला आपली कला शिकवली, तिचंच पुढे ब्राझिलियन जिउ-जित्सू झालं, आणि १९२५ साली रिओत ग्रेसींची अकादमी उभी राहिली. (१९१४ म्हणजे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या स्थापनेचं साल, संबंध काही नाही, पण लक्षात ठेवायला सोपं.) जिउ-जित्सू ब्राझीलमध्ये वाढलं, गिर्या रशियात राहिली. पुन्हा गाठ पडायला जवळजवळ शतक लागलं.

मधल्या काळात सोव्हिएत संघात गिर्येचा स्पर्धात्मक खेळ झाला. १९८५ साली त्याचे अधिकृत नियम ठरले, पुढे डावाला १० मिनिटांची मर्यादा आली : बेल खाली न ठेवता जास्तीत जास्त वेळा डोक्यावर न्यायचं. या खेळातलं बेल ८ किलोंचं असो वा ३२ चं, बाहेरून आकार तोच, मूठ साधारण ३५ मिलिमीटर जाड आणि वजन ओळखायला रंग : १६ पिवळं, २४ हिरवं, ३२ लाल. ओतीव लोखंडाचं साधं बेल वजनाबरोबर मोठं होत जातं. दोन्ही हातांनी स्विंग करायला साधं बरं, कारण स्पर्धेच्या बेलची कडी अरुंद असते आणि दोन पंजे दाटीवाटीनं बसतात. दुकानात हे कोणी सांगत नाही.

अमेरिकेत केटलबेल पसरलं ते पावेल त्सात्सुलीन यांच्या १९९८ मधल्या लेखानंतर. २००१ पासून तिथे बेलांचं उत्पादन आणि प्रशिक्षकांचे वर्ग सुरू झाले. तेव्हा तिथे जिउ-जित्सूची लाट ताजी होती. रॉयस ग्रेसीनं १९९३ साली पहिली यूएफसी, म्हणजे निरनिराळ्या युद्धकलांच्या लढवय्यांची स्पर्धा, जिंकली होती. फिलाडेल्फियाचे स्टीव्ह मॅक्सवेल जिउ-जित्सूचे ब्लॅक बेल्ट आणि केटलबेलचे प्रशिक्षकही. अशा लोकांच्या हातून दोन्ही गोष्टी एका छताखाली आल्या.

मेळ बसण्याचं कारण शरीरात आहे. जिउ-जित्सूत तासन्‌तास पाठ गोल, खांदे पुढे, पाय पोटाशी. स्विंगमध्ये बरोबर उलटं : नितंब आवळून कंबर जोरात सरळ. खाली दबलेला खेळाडू ब्रिज मारून, म्हणजे कंबर वर उसळवून, वरच्याला उलथतो, तेव्हा हीच हालचाल लागते. बेलचं वजन मुठीच्या खाली लोंबतं, त्यामुळे पकड सतत सावध राहते. दमाचंही तेच. जिउ-जित्सूची लढत प्रौढ व्हाइट बेल्टसाठी ५ मिनिटांची आणि ब्लॅक बेल्टसाठी १० मिनिटांची. थोडा विसावा घेत केलेले शंभर स्विंग दहा-बारा मिनिटांत बसतात.

विदर्भातल्या आखाड्याला हे सगळं परकं नाही. नाल, म्हणजे आत मूठ कोरलेला दगड, हा केटलबेलचा चुलतभाऊच. मुद्गल आणि करेल फिरवणाऱ्याला मुठीबाहेर झुकणारं वजन सांभाळण्याची सवय असते. अडचण बैठकांची होते. लाल मातीतून आलेला मुलगा स्विंगची बैठक करतो : गुडघे पुढे, बेल गुडघ्यांखाली, आणि मग कंबर ओढली जाते. बेल पंजांपुढे फूटभर ठेवावं, ढुंगण मागे ढकलून वाकावं, बेल मांड्यांमधून वरच्या बाजूनं मागे न्यावं, मनगटं जांघेला टेकली पाहिजेत. तिथून कंबर झटक्यात सरळ. हात नुसते दोर. बेल छातीच्या वर जात असेल तर खांदा काम करतोय असं समजावं.

दुसरा व्यायाम टर्किश गेट-अप. जमिनीवरून कोपर, हात, गुडघा असं करत उभं राहताना बेल डोक्यावरच्या ताठ हातात. हा जिउ-जित्सूतल्या टेक्निकल स्टँड-अपचा, म्हणजे बचाव न सोडता जमिनीवरून उठण्याच्या पद्धतीचा, सख्खा नातेवाईक. आधी मुठीवर बूट ठेवून करावा. बूट पडत नाही तोवर लोखंड नको. पुरुषांनी मग १६, स्त्रियांनी ८ किलोंपासून, दर बाजूला पाच एकेरी फेऱ्या. किमुरात, म्हणजे हात पिरगळून खांदा अडकवण्याच्या पकडीत, खांदा ओढला गेला असेल तर गेट-अप बंद ठेवून जमिनीवर पडून प्रेस करावी.

आठवड्यात मॅटचे तीन दिवस असतील तर बेलचे दोन पुरे, तेही वर्गानंतर किंवा वेगळ्या दिवशी. वर्गाआधी स्विंग केले की पकड संपते आणि मग तंत्रही बिघडतं. स्पर्धेआधीचे चार-पाच दिवस जड स्विंग नकोत.

नागपुरात उन्हाची अडचण वेगळी. नवतप्यात पत्र्याच्या शेडखाली घामानं मूठ निसटते आणि बेल समोरच्या भिंतीत जातं. पहाटे साडेपाचला करावं, चॉक पावडर थोडीच लावावी. जास्त लावली की कातडी मुठीला चिकटून घट्टे सोलून निघतात. घट्टे आंघोळीनंतर वजरीनं घासून सपाट ठेवावेत. सोललेल्या पंजानं मॅटवर उतरू नये, उघड्या जखमेत जंतुसंसर्ग पटकन होतो आणि जोडीदारालाही लागतो. पावसाळ्यात साध्या लोखंडावर गंज चढतो; तो पॉलिश पेपरनं काढून मूठ तेलाच्या फडक्यानं पुसावी आणि व्यायामाआधी कोरड्या कपड्यानं ते तेल पूर्ण काढावं.